एजवुडचा दावा

अमेरिकेतील टेक्सास राज्यात सॅन अँटोनिओ नावाचे शहर आहे. १६ मे १९६८ रोजी या शहराच्या पश्चिम भागातील एजवुड हायस्कूलचे सुमारे चारशे विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले आणि शाळा-अधीक्षकांच्या कचेरीवर चालून गेले. त्यांच्या मागण्या साध्या होत्या. शिकवण्यास पात्र असे शिक्षक द्यावेत, वर्गात पुरेसे साहित्य असावे आणि मोडकळीस आलेल्या इमारतींची दुरुस्ती व्हावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. जगभर त्या वर्षी विद्यार्थ्यांच्या चळवळींनी मोठमोठ्या घोषणा दिल्या. एजवुडच्या मुलांनी शिक्षक मागितले.

मुलांपाठोपाठ आईवडील जागे झाले. आल्बर्टा स्निड या मातेच्या पुढाकाराने पालकांची एक संघटना उभी राहिली. या पालकांत दिमित्रिओ रॉड्रिग्ज हेही होते. लष्करी सेवा बजावून आलेले हे गृहस्थ केली हवाई तळावर पत्र्याचे काम करीत. त्यांची मुले ज्या प्राथमिक शाळेत जात, तिच्या इमारतीचा वरचा भाग धोकादायक ठरवण्यात आला होता आणि तेथे वटवाघळांनी वस्ती केली होती.

आपल्या शाळेचे पैसे वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे कोठेतरी वाया जात असावेत, असा या पालकांचा प्रथम समज होता. त्यांनी आर्थर गॉकमन या वकिलांची गाठ घेतली. वकिलांनी त्यांना वेगळीच गोष्ट समजावून सांगितली. पैसे वाया जात नव्हते, ते मुळात येतच नव्हते. दोष एजवुडच्या कचेरीत नसून संपूर्ण राज्याच्या शालेय अर्थव्यवस्थेत होता. १० जुलै १९६८ रोजी या पालकांनी फेडरल न्यायालयात दावा दाखल केला. पुढे रॉड्रिग्ज खटला म्हणून जो अमेरिकेच्या न्यायालयीन इतिहासात प्रसिद्ध पावला, तो हाच.

शाळाजिल्हा म्हणजे काय?

हा दावा समजून घेण्यासाठी अमेरिकेतील एक संस्था प्रथम समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे अनुदानित शाळेतील शिक्षकाचे वेतन राज्य शासनाच्या अनुदानातून येते. गावात घरे किती आणि त्यांची किंमत काय, यावर ते अवलंबून नसते. अमेरिकेत मात्र सार्वजनिक शाळा चालवणारी ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ ही एक स्वतंत्र स्थानिक संस्था असते. तिला आपण शाळाजिल्हा म्हणू. बहुतेक ठिकाणी तिचे मंडळ लोकांनी निवडून दिलेले असते, तिला स्वतःची हद्द असते आणि त्या हद्दीतील घरे, जमिनी, दुकाने, कारखाने यांवर कर बसवण्याचा अधिकारही असतो. शहराची हद्द एक आणि शाळाजिल्ह्याची हद्द दुसरी, असे तेथे सर्रास आढळते. सॅन अँटोनिओच्या महानगर परिसरात त्या काळी असे सात शाळाजिल्हे होते. शहर एकच असले, तरी शाळांच्या तिजोऱ्या सात होत्या.

कराची रक्कम मालमत्तेच्या किमतीवर ठरत असल्याने ज्या हद्दीत मोठी घरे आणि भरभराटीचे व्यापार, तेथील शाळा श्रीमंत. ज्या हद्दीत कष्टकऱ्यांची लहान घरे, तेथील शाळा गरीब. एजवुड हा जवळजवळ पूर्णपणे राहत्या घरांचा भाग होता. कारखाने आणि व्यापारी मालमत्ता तेथे नाममात्र होती. शेजारच्या लष्करी तळांवर एजवुडचे कितीतरी लोक राबत असत, पण ते तळ फेडरल सरकारच्या मालकीचे असल्याने त्यांच्यावर स्थानिक कर लागू होत नसे.

मग लोकांनी एजवुड सोडून दुसरीकडे का जाऊ नये? या प्रश्नाचे उत्तर शहराच्या जुन्या खरेदीखतांत आहे. चांगल्या वस्त्यांतील अनेक खरेदीखतांत ‘ही मालमत्ता मेक्सिकन अथवा कृष्णवर्णीय व्यक्तीस विकू नये’ अशी अट घातलेली असे. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांमार्फत करता येणार नाही असा निर्णय दिला. परंतु तोवर शहराची मांडणी होऊन गेली होती. माणसांना आधी एका बाजूला लोटण्यात आले आणि त्या बाजूच्या दारिद्र्यावर मग त्यांच्या मुलांचे शिक्षण सोपवण्यात आले.

दोन शाळाजिल्ह्यांचा ताळेबंद

खटल्याच्या कागदपत्रांत १९६७-६८ या वर्षाचा हिशेब नोंदवलेला आहे. एजवुडची तुलना त्यात त्याच महानगरातील अलामो हाइट्स या शाळाजिल्ह्याशी केलेली आहे. हे आकडे सावकाश वाचण्यासारखे आहेत.

एजवुडमध्ये २५ शाळा आणि सुमारे २२,००० विद्यार्थी होते. त्यांपैकी सुमारे ९० टक्के मेक्सिकन वंशाचे, तर ६ टक्क्यांहून थोडे अधिक कृष्णवर्णीय होते. कुटुंबाचे मध्यम वार्षिक उत्पन्न ४,६८६ डॉलर होते. दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्तेचे मूल्य ५,९६० डॉलर भरत असे. अलामो हाइट्समध्ये ६ शाळा आणि सुमारे ५,००० विद्यार्थी होते. बहुसंख्य विद्यार्थी गोरे होते, मेक्सिकन वंशाचे १८ टक्के आणि कृष्णवर्णीय एक टक्क्याहूनही कमी. कुटुंबाचे मध्यम उत्पन्न ८,००१ डॉलर आणि दर विद्यार्थ्यामागे मालमत्तेचे मूल्य ४९,००० डॉलरांहून अधिक होते. उत्पन्नात दुपटीहून कमी अंतर, पण मालमत्तेत आठपटीचे!

आता कराकडे पाहू. एजवुडच्या लोकांनी दर १०० डॉलर मूल्यामागे १ डॉलर ५ सेंट एवढा कर स्वतःवर बसवून घेतला होता. सबंध महानगरातील हा सर्वांत चढा दर होता. राज्याच्या योजनेतील ठरलेला स्थानिक वाटा भरून झाल्यावर त्यातून दर विद्यार्थ्यामागे हाती उरत ते फक्त २६ डॉलर. अलामो हाइट्सचा दर ८५ सेंट होता आणि तेथे उरत ३३३ डॉलर. राज्याची मदत व फेडरल मदत मिळवून एजवुडच्या मुलामागे एकूण ३५६ डॉलर, तर अलामो हाइट्सच्या मुलामागे ५९४ डॉलर खर्चास उपलब्ध होत. एजवुडच्या ३५६ डॉलरांपैकी १०८ डॉलर फेडरल मदतीचे होते.

राज्याची मदत तरी ही दरी बुजवीत होती काय? टेक्सासने १९४९ साली प्रत्येक शाळेला किमान निधी मिळावा म्हणून एक योजना सुरू केली होती. तिचा सुमारे ८० टक्के भार राज्य उचलीत असे आणि उरलेला भार शाळाजिल्ह्यांवर असे. परंतु ही मदत शिक्षकांच्या पदव्या व अनुभव पाहून ठरत असे. ज्या शाळाजिल्ह्याला उच्चशिक्षित शिक्षक नेमणे परवडे, त्याला राज्याकडूनही अधिक रक्कम मिळे. त्या वर्षी या योजनेतून एजवुडला दर विद्यार्थ्यामागे २२२ डॉलर मिळाले आणि अलामो हाइट्सला २२५! ज्या योजनेचा हेतू उणे भरून काढण्याचा होता, तिच्यातूनही श्रीमंत शाळाजिल्ह्याच्या पदरात तीन डॉलर अधिक पडले.

शिक्षकवर्गाची स्थिती यावरून सहज कळते. अलामो हाइट्सचे सर्व शिक्षक पदवीधर होते, एजवुडमध्ये पदवीधरांचे प्रमाण ८० टक्के होते. पदव्युत्तर शिक्षण घेतलेले शिक्षक तेथे ३७ टक्के, येथे १५ टक्के. आवश्यक पात्रता नसताना तात्पुरत्या परवान्यावर शिकवणारे अलामो हाइट्समध्ये ११ टक्के होते, तर एजवुडमध्ये ४७ टक्के. म्हणजे एजवुडच्या मुलाला वर्गात जो शिक्षक भेटे, तो पात्रताधारक असण्याची शक्यता जेमतेम निम्मी होती.

आणि ही मुले कोण होती? त्यांच्या घरची भाषा स्पॅनिश होती. टेक्सासमध्ये १९१८ च्या कायद्याने इंग्रजीखेरीज अन्य भाषेत शिकवणे हा गुन्हा ठरवला होता आणि तो कायदा १९६९ सालापर्यंत टिकून होता. शाळेत मातृभाषेत बोलल्याबद्दल शिक्षा भोगलेली मुले टेक्सासमध्ये घरोघर सापडत. अशा मुलांना अधिक कुशल शिक्षकांची गरज होती, आणि तेच त्यांच्या वाट्यास येत नव्हते. देशाला मात्र ही मुले आपली वाटत होती. व्हिएतनामच्या युद्धात एकट्या एजवुडच्या शाळांतून शिकलेले पन्नासहून अधिक तरुण मारले गेले.

न्यायालयाच्या पायऱ्यांवर

अमेरिकेच्या राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती प्रत्येकाला कायद्याचे समान संरक्षण देते. मुलाचे शिक्षण शेजाऱ्याच्या घराच्या किमतीवर अवलंबून ठेवणे हा त्या समानतेचा भंग आहे, असे रॉड्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे होते. २३ डिसेंबर १९७१ रोजी तीन न्यायाधीशांच्या फेडरल न्यायपीठाने ते मान्य केले. टेक्सास राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. येथे एक गमतीदार गोष्ट नमूद केली पाहिजे. खटल्याच्या नावात सॅन अँटोनिओ शाळाजिल्हा हा प्रतिपक्ष म्हणून आजही झळकतो. प्रत्यक्षात तो खटल्यातून आधीच वगळला गेला होता आणि नंतर त्याने पालकांच्याच बाजूने निवेदन सादर केले. गरीब शाळांचे दुखणे त्यालाही ठाऊक होते.

२१ मार्च १९७३ रोजी निकाल लागला. पाच विरुद्ध चार मतांनी पालक हरले. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांनी लिहिले. पॉवेल हे पूर्वी रिचमंड शहराच्या शालेय मंडळाचे अध्यक्ष होते, त्यामुळे विषय त्यांना अपरिचित नव्हता. त्यांच्या युक्तिवादाचा सारांश असा : शिक्षण हा घटनेने स्पष्टपणे दिलेला मूलभूत हक्क नाही. एजवुडच्या कोणत्याही मुलाला शिक्षण सर्वस्वी नाकारलेले नाही. अधिक पैसा म्हणजे अधिक चांगले शिक्षण, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. आपल्या गावची शाळा कशी चालवावी, हे तेथील लोकांनी ठरवावे, यात मोल आहे. करपद्धतीत सुधारणा हवी हे खरे, परंतु ते काम विधिमंडळांचे आहे.

हा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ होता, असे म्हणता येणार नाही. आपल्या मुलांच्या शाळेसाठी आपण कर भरावा आणि आपणच तिच्यावर देखरेख ठेवावी, ही अमेरिकन माणसाच्या जिव्हाळ्याची गोष्ट आहे. अलामो हाइट्सच्या पालकांनीही आपल्या मुलांचे भलेच चिंतिले होते, त्यात गैर काही नव्हते. पण स्थानिक स्वातंत्र्याचा हा मुद्दा एजवुडला लागू पडत होता काय? न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात नेमका हाच प्रश्न हाताळला. १९५४ च्या ज्या ऐतिहासिक खटल्याने शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरला, त्यात कृष्णवर्णीय मुलांच्या बाजूने वकील म्हणून मार्शलच उभे राहिले होते. न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात एक साधा हिशेब मांडला. परिसरातील इतर शाळाजिल्ह्यांपैकी सर्वाधिक स्थानिक उत्पन्न असलेल्याची बरोबरी करायची, तर अलामो हाइट्सला दर १०० डॉलरांमागे ६८ सेंट कर पुरेसा होता. एजवुडला त्यासाठी ५ डॉलर ७६ सेंट कर बसवावा लागला असता. आणि राज्याच्या कायद्याने कराची कमाल मर्यादा घातली होती दीड डॉलर!

या दावा-प्रतिदाव्यांचे सारे मर्म मला या एका हिशेबात दिसते. गरिबांना शिक्षणाची आस्था नसते, ती असती तर त्यांनी पदरमोड केली असती, असे सुखवस्तू समाजात नेहमी बोलले जाते. एजवुडच्या लोकांनी पदरमोड केलीच होती, तीही सर्वांहून अधिक. आणखी करण्याची तयारी दाखवली असती, तरी कायद्याने त्यांचा हात धरला असता. निवडीचे स्वातंत्र्य कागदावर दोघांनाही सारखेच होते, पण ते वापरण्याची ऐपत एकालाच होती.

गरीब माणूस पुन्हा एकदा हरला, असे उद्गार रॉड्रिग्ज यांनी निकालानंतर काढले.

दुसरे दार

फेडरल न्यायालयाचे दार बंद झाले, परंतु प्रत्येक राज्याला स्वतःची घटना असते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९७३ रोजी, न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याच्या घटनेच्या आधारे तेथील शालेय अर्थव्यवस्था अवैध ठरवली. पुढील काळात चाळीसहून अधिक राज्यांत असे खटले उभे राहिले.

मधल्या काळात सॅन अँटोनिओचा पश्चिम भागही बदलत होता. १९७० साली पॅट्रिसिओ फ्लोरेस या शेतमजुराच्या मुलाला तेथे साहाय्यक बिशप म्हणून दीक्षा मिळाली. मेक्सिकन वंशाचे ते अमेरिकेतील पहिलेच बिशप. १९७९ साली ते तेथील आर्चबिशप झाले. याच सुमारास एर्नेस्टो कोर्टेस यांनी पश्चिम भागातील कॅथलिक धर्मग्रामांना एकत्र जोडून १९७४ साली नागरिकांची एक संघटना बांधली. धर्मग्रामातील गृहिणी, कारकून, कामगार हे तिचे पुढारी. पावसाळ्यात घरांत शिरणारे पाणी हटवण्यासाठी गटारे व नाले बांधून घ्यावेत, ही तिची पहिली मोठी मोहीम होती. आकडे वाचायचे, अंदाजपत्रक समजून घ्यायचे आणि मग अधिकाऱ्यांसमोर उभे राहून प्रश्न विचारायचे, ही सवय त्या वस्तीला अशा कामांतून जडली.

१९८४ साली एजवुडने पुन्हा दावा लावला. या वेळी खुद्द शाळाजिल्हाच वादी होता, त्याच्यासोबत इतर गरीब शाळाजिल्हे व पालक होते आणि पालकांत पुन्हा दिमित्रिओ रॉड्रिग्ज होते. आधार होता टेक्सासच्या १८७६ च्या घटनेचा. ज्ञानाचा सर्वत्र प्रसार व्हावा म्हणून सार्वजनिक मोफत शाळांची कार्यक्षम व्यवस्था राखणे हे विधिमंडळाचे कर्तव्य आहे, असे त्या घटनेत म्हटले आहे. १९६८ ची दरी एव्हाना बुजली नव्हती, उलट रुंदावली होती. एजवुडमध्ये दर विद्यार्थ्यामागे मालमत्ता होती ३८,८५४ डॉलर, तर अलामो हाइट्समध्ये ५,७०,१०९ डॉलर. राज्यातील सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब शाळाजिल्ह्यांच्या मालमत्तेचे प्रमाण ७०० ला १ असे होते. २ ऑक्टोबर १९८९ रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने, नऊही न्यायाधीशांच्या संमतीने, ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली.

पहिला दावा लावल्याला तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. बातमी ऐकून रॉड्रिग्ज यांच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्या मुलांना आता याचा उपयोग नाही, असे ते म्हणाले. ज्यांच्यासाठी ते न्यायालयात गेले होते, ती मुले केव्हाच मोठी झाली होती.

जिंकल्यानंतर

न्यायालयात जिंकलेला हक्क वर्गापर्यंत पोहोचण्यास आणखी काही वर्षे लागली. विधिमंडळाने केलेले दोन कायदे न्यायालयाने फेटाळले, तर मे १९९३ मध्ये मतदारांनी एक घटनादुरुस्ती नाकारली. अखेर त्याच महिन्याच्या शेवटी मंजूर झालेला कायदा १९९५ साली न्यायालयाच्या कसोटीस उतरला. श्रीमंत शाळाजिल्ह्यांनी ठरावीक मर्यादेवरील आपल्या संपत्तीचा वाटा इतरांसाठी द्यावा, असे त्याचे स्वरूप आहे. श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना देणाऱ्या इंग्रजी लोककथेतील दरोडेखोराच्या नावावरून लोकांनी त्याला ‘रॉबिनहूड कायदा’ असे थोड्याशा रागानेच म्हटले. हा वाटा देणाऱ्यांत पुढे अलामो हाइट्सही आले. या कायद्याने दरी बरीच कमी झाली, पण नाहीशी झाली नाही. त्यावरील वाद आजही टेक्सासच्या प्रत्येक निवडणुकीत डोके वर काढतात.

१९९८ साली एजवुडपुढे एक वेगळाच पेच आला. एका खासगी प्रतिष्ठानाने तेथील गरीब मुलांना खासगी शाळांत जाता यावे म्हणून दहा वर्षांत ५ कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले. अनेक मुले कॅथलिक व इतर खासगी शाळांत गेली. ज्या आईवडिलांनी ही संधी घेतली, त्यांना दोष कोण देईल? परंतु टेक्सासमध्ये राज्याचा निधी हजेरीवर ठरतो. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर त्याच्या वाट्याचा राज्याचा निधीही गेला आणि मागे राहिलेल्यांच्या शाळेची वीज, वाहतूक यांचा खर्च मात्र जवळजवळ होता तेवढाच राहिला. एका मुलाची सुटका आणि सर्वांची शाळा यांत ओढाताण होऊ शकते, हे आपल्या शिक्षणसंस्थांनीही लक्षात घेण्यासारखे आहे. २०२५ साली टेक्सासने खासगी शाळांच्या शुल्कासाठी सरकारी निधी देणारा कायदा संमत केला, तेव्हा हाच प्रश्न सबंध राज्यापुढे उभा राहिला.

एके काळी २२,००० विद्यार्थी असलेल्या एजवुडची पटसंख्या आता दहा हजारांच्या खाली आली आहे. दिमित्रिओ रॉड्रिग्ज २०१३ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी निवर्तले. शाळेचे शिक्षण त्यांना फारसे लाभले नव्हते, पण त्यांच्या नावाचा खटला अमेरिकेतील कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला अभ्यासावा लागतो. तो अभ्यासताना विद्यार्थी बहुधा निकालपत्रातील तत्त्वचर्चेवर थांबतात. एजवुडच्या पालकांनी दर १०० डॉलरांमागे भरलेला तो १ डॉलर ५ सेंट कर मात्र फारसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. या साऱ्या इतिहासाचा पाया तोच आहे.

रॉड्रिग्ज यांची एक मुलगी पुढे शिक्षिका झाली. तिने शिकवण्यासाठी निवडला तो एजवुड शाळाजिल्हाच.